किडनी देणाऱ्याचं पुढे कोण बघतं?

कृष्णाकाठ
परवा इथे एकाने लिहिलं, "आईने मला किडनी दिली आणि महिन्याभरात भाकऱ्या थापायला बसली. एका किडनीवर माणूस शंभर वर्षं जगतो, उगाच घाबरवू नका." खाली हात जोडणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

२०१२ साली मी नवऱ्याला किडनी दिली. आधी दोन महिने माझं सगळं तपासलं: किडनी किती काम करते ते बघणारा डीटीपीए स्कॅन, रक्तवाहिन्यांचा सीटी अँजिओ, चोवीस तासांची लघवी, अगदी दातसुद्धा. टाके निघाले त्यानंतर कुणाचा फोन नाही. नवऱ्याची फाइल उशीएवढी जाड, दर खेपेला नवी किडनी टिकवणाऱ्या टॅक्रो या औषधाची रक्तातली लेव्हल, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन. माझी फाइल डिस्चार्ज कार्डावर संपते. सहा वर्षांनी दाढ काढायला गेले तेव्हा बीपी १६०/१०० निघालं. कधीपासून होतं, देव जाणे.

किडनी देऊ नका असं मी म्हणत नाही. पुन्हा वेळ आली तरी देईन. पण वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, एवढं कुणाच्या तरी गळ्यात बांधा.

सुईखालचा
ताई, त्रास खरा आहे. पण हे वाचून कुणाचा भाऊ मागे फिरेल, त्याचं काय? माझा फिरला. नऊ वर्षं मी आठवड्याला तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या मशीनवर असतो, सुया टोचायला शीर जोडून केलेल्या फिस्टुलाचा हात दोरखंडासारखा झालाय. १९५४ साली बोस्टनला ज्या जुळ्या भावाने पहिली किडनी दिली, तो ७९ वर्षं जगला. घेणारा आठ वर्षांत गेला. आणि अमेरिकेतला २०१४ चा ९६ हजार दात्यांचा अभ्यास बघा. आयुष्यभरात किडनी निकामी होण्याचा अंदाज दात्यांत दहा हजारांत ९०, सर्वसाधारण लोकांत ३२६. दाता शेजाऱ्यापेक्षा सुरक्षित आहे!

कृष्णाकाठ
तिसरा आकडा गाळलात. दात्याइतक्याच धडधाकट पण किडनी न दिलेल्या माणसांत तो १४ आहे. दाते मुळात निवडून घेतलेले असतात, त्यांची तुलना शेजारच्या मधुमेह्याशी कशी करता? धोका लहान आहे, मान्य. नाही असं सांगू नका, एवढंच.

सुईखालचा
बरं, १४ मान्य. माझ्या भावाला तेवढं समजावून सांगायला त्या वेळी कुणीतरी हवं होतं.

रेवा_मिरज
मूळ मुद्दा कुणी बोलतच नाही. देणारी बाईच का? आमच्या दिरांना किडनी हवी होती. तीन सख्खे भाऊ. एकाची शुगर, एकाची नोकरी, एकाच्या बायकोचा नकार. दिली कुणी? ६१ वर्षांच्या सासूबाईंनी. १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० प्रत्यारोपणं झाली, त्यांत बायकांना मिळाले फक्त ६,९४५ अवयव.

सातारकर
प्रत्येक देणारी बाई बिचारी, हे मला पटत नाही. मी बायकोसाठी तयार होतो, रक्तगट जुळला नाही. दुसऱ्या एका जोडप्याशी अदलाबदल केली. माझी किडनी त्या काकांना, काकूंची माझ्या बायकोला. काकूंना कुणी ढकललं नव्हतं. ऑपरेशन थिएटरमध्ये नेताना त्याच मला धीर देत होत्या.

रेवा_मिरज
तुम्ही दिलीत म्हणून सगळे पुरुष देतात का? २०१४ च्या नियमांत देणाऱ्या बाईची संमती, किडनी घेणारा सोडून दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्रपणे पडताळावी असं लिहिलंय. सासूबाईंना प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या कमिटीने विचारलं, "स्वखुशीने देता ना?" दाराबाहेर तिन्ही मुलं बसलेली. काय म्हणणार ती माउली?

सातारकर
मुलगा मरताना दिसत असेल तर माझी आईही "हो"च म्हणाली असती, दाराबाहेर कुणी नसतं तरी! आईच्या मायेला बळजबरी म्हणू नका.

रेवा_मिरज
मायेवर बोट नाही माझं. त्या तीन मुलांवर आहे. एकाने तरी रक्त तपासून घ्यायचं होतं.

सातारकर
हं. ते मात्र खरं.

कृष्णाकाठ
माझा धागा कुठल्या कुठे नेलात दोघांनी. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला दान केल्यावर ४२ दिवसांपर्यंत खास रजा आहे. त्रेचाळिसाव्या दिवसापासून त्याला कोण विचारतं, यावर बोला.

भाकरीवाला
ते भाकऱ्यांचं वाक्य माझं. तुमचा सूर मला अजूनही रुचलेला नाही, नवीन पेशंट इथे आशेने येतात. पण परवा रात्री आईचे कागद काढले. शेवटचा रिपोर्ट ऑपरेशनच्या आधीचा, म्हणजे नऊ वर्षांपूर्वीचा. सकाळी तिला घेऊन लॅबमध्ये गेलो. काउंटरवरची मुलगी मला दर महिन्याला बघते, तिने न विचारताच पावतीवर माझं नाव टाकलं. मी म्हटलं, पेशंट ही आहे. आई म्हणाली, "मला काय धाड भरलीय?"

क्रिएटिनिन १.१, प्रोटीन नाही. बीपी १५०/९०. सोमवारी पुन्हा नेतोय.