कोल्हापुरातील बागा, तळी आणि ओढे एकमेकांना जोडता येतील का?

प्रश्न : शिवाजी विद्यापीठाचा सुमारे साडेआठशे एकरांचा परिसर, राजाराम तलाव, कळंबा, रंकाळा, टाऊन हॉलची बाग, हुतात्मा पार्क एवढी हिरवाई कोल्हापुरात आहे, परंतु मधल्या वसाहतींतील परसबागा जाऊन तेथे फरसबंद आवारे आल्यामुळे ही ठिकाणे एकमेकांपासून तुटत चालली आहेत. नवी जागा संपादित न करता, प्राणी-पक्ष्यांना ये-जा करता येईल अशा रीतीने ती जोडता येतील का?

पहिले उत्तर : जोडणारा दुवा आपल्याकडे आधीपासूनच आहे, तो म्हणजे जयंती नाला. कळंब्याच्या बाजूने येणारा हा नाला हुतात्मा पार्कजवळून पुढे पंचगंगेला मिळतो. त्यात मिसळणारे सांडपाणी थांबवून, शक्य तेथे सिमेंटच्या भिंतीऐवजी मातीचा उतार राखला आणि त्यावर करंज, जांभूळ, उंबर वाढू दिले, तर बेडूक, सरडे आणि मुंगूस यांना भर वस्तीतून सलग आडोसा मिळेल.

दुसरे उत्तर : नाल्याचा विचार मला पटतो, मात्र २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या शहरात पात्रात झाडी वाढवणे धोक्याचे आहे; लागवड काठाच्या वरच्या अंगालाच हवी. शिवाय पक्ष्यांना सलग पट्टाच लागतो असे नाही, त्यांना टप्प्याटप्प्यावर आसरा मिळाला तरी पुरतो. तांबट पक्षी वड, पिंपळ, उंबराची फळे खातो आणि वाळलेल्या किंवा मऊ लाकडाच्या फांदीत चोचीने गोल भोक पाडून घरटे करतो. आपण रस्त्याकडेचा जुना उंबर तोडतो, राहिलेल्या झाडांच्या वाळक्या फांद्या सरसकट छाटतो आणि बदल्यात शोभेची रोपे लावतो, तेव्हा त्याचे अन्न आणि घर दोन्ही जाते. जेथे कोणाच्या अंगावर पडण्याची भीती नाही, तेथील वाळकी फांदी राहू द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

तिसरे उत्तर : अपार्टमेंटच्या आवारात एखादे लिंबाचे झाड असले तरी उपयोग होतो. २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू ठरलेले ब्लू मॉर्मन लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालते. पाने कुरतडणाऱ्या अळ्या दिसताच औषध फवारू नये, एवढेच पथ्य पाळावे.

प्रश्नकर्ता : सर्वांचे आभार. झाडांच्या संरक्षणाच्या १९७५ च्या राज्य कायद्यानुसार वृक्षगणना हे वृक्ष प्राधिकरणाचे काम आहे. नाल्याकाठच्या जुन्या वड-उंबरांची त्यात स्वतंत्र नोंद व्हावी, असा अर्ज मी महापालिकेकडे करतो. आपापल्या पेठेतील अशी झाडे कृपया येथे कळवावीत.