शब्दचर्चा : 'हिमोढ' की 'हिमगाळ'? आणि प्लेटला काय म्हणावं?

तक्तेवाले : नांदेड-लातूरकडच्या शाळांसाठी भूशास्त्राचे भिंतीवरचे तक्ते मराठीत करतोय. हिमनदीने वाहून आणून टाकलेल्या दगडमातीला 'हिमोढ' लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'हिमगाळ' केलं. कारण असं दिलं की बर्फ कुठं दगड 'ओढतो', आणि मुलांना गाळ माहीत आहे. मला गाळ पटत नाही. दुसरं, पृथ्वीचा वरचा कडक थर ज्या मोठ्या सरकत्या तुकड्यांचा बनलाय, त्यांना 'भूपट्ट' ठेवू की सरळ 'प्लेट'?

व्युत्पत्तिप्रेमी : हिमोढमध्ये 'ओढ' नाहीच. हिम + ऊढ = हिमोढ. ऊढ म्हणजे वाहिलेलं, 'वह्' धातूचं रूप. नवोढा, प्रौढ यांतलाच हा ऊढ. अर्थ नेमका आहे, हात लावू नका.

माळरान : व्युत्पत्ती बरोबर असेल, पण नववीच्या पोराला ऊढ कोण सांगणार? तो ओढच वाचणार. मी 'हिमराडा' सुचवतो. राडारोडा सगळ्यांना कळतो.

व्युत्पत्तिप्रेमी : राडारोडा पाडलेल्या बांधकामाचा असतो. शास्त्राच्या तक्त्यावर तो शोभत नाही. उद्या ज्वालामुखीला आगडोंब लिहाल.

खडकवाट : शोभेचं राहू द्या, आधी गाळ का नको ते बघू. गाळ हा पाण्याने निवडलेला असतो. वेग कमी होत गेला की आधी गोटे बसतात, मग वाळू, सगळ्यात शेवटी चिखल. म्हणून तर धरणाच्या तळातून काढलेला गाळ बारीक असतो आणि आपण तो शेतात पसरतो. बर्फाला निवड जमत नाही. खोलीएवढा धोंडा आणि पिठासारखी दगडाची भुकटी तो एकत्रच नेतो, आणि वितळला की एकत्रच टाकतो. त्यात थर दिसत नाहीत. तक्त्यावर 'हिमगाळ' छापलं तर मुलाच्या मनात नेमकं उलटं चित्र जाईल.

अजून एक. पदार्थ वेगळा आणि त्याचा झालेला बांध वेगळा. हिमनदीच्या कडेला, तोंडाशी जे लांबट ढीग राहतात ते हिमोढ. ते ज्या मिश्रणाचे बनतात त्याला इंग्रजीत 'टिल' म्हणतात. मराठीत दोन्हींना एकच शब्द वापरतात, घोळ तिथून होतो. बांधाला हिमोढ आणि मिश्रणाला हिमराडा, असं वाटून घेता येईल.

तक्तेवाले : हे उपयोगी आहे. सोबत फोटो लावायचाय, औसा रस्त्याच्या खोदकामातला. मुरमात गोल गोल धोंडे अडकलेत, हुबेहूब हिमोढ दिसतो.

खडकवाट : तो फोटो कृपया लावू नका! ते बेसाल्टचं, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या आपल्या काळ्या दगडाचं, जागेवरचं विदारण (हवापाण्याने कुजणं) आहे. खडकाला उभ्या-आडव्या भेगा असतात, त्यांतून पाणी शिरतं, कोपरे आधी कुजतात आणि मधला गाभा गोल उरतो. जवळून पाहा : धोंड्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे असतील, आणि धोंडा नि मुरूम एकाच खडकाचे असतील. हिमनदीच्या मिश्रणात वेगवेगळ्या गावचे दगड भेटतात. काहींची एखादी बाजू घासून सपाट झालेली असते, त्यावर ओरखडे असतात. ओले करून तिरप्या उजेडात धरले तर ते दिसतात. नुसत्या गोल आकारावर कधी जाऊ नये, नदीही गोटे गोल करते.

खरा फोटो पाहिजे तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या इरईचा घ्या. तिथं पैनगंगा चुनखडकाच्या पृष्ठभागावर हिमनदीचे ओरखडे आहेत आणि वर तालचीर थरातले, म्हणजे त्या हिमनदीने टाकलेल्या मिश्रणाच्या खडकातले, धोंडे. वय सुमारे 30 कोटी वर्षं. तेव्हा भारत गोंडवन या दक्षिणेकडच्या जुन्या अखंड महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता. आपला बेसाल्ट 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्या बर्फानंतर फार उशिरा आलेला. मराठवाड्यातल्या काळ्या दगडावर हिमनदीची खूण सापडणार नाही ती यामुळे.

माळरान : मग 'हिमयुग' हा शब्दही तक्त्यावर एकटा सोडू नका. लोकांच्या डोक्यात एकच हिमयुग असतं, मॅमथवालं. त्यातला शेवटचा थंड काळ 11,700 वर्षांपूर्वी संपला. इरईचं हिमयुग त्याच्या कितीतरी आधीचं. 'गोंडवन हिमयुग' असं पूर्ण लिहा.

किल्लारीकडचा : प्लेटबद्दल. 'भूपट्ट' वाचलं की मुलं पट्टा काढतात, कंबरेचा असतो तसा लांबट. शिवाय पुस्तकात 'भूकवचाचे तुकडे' लिहितात, तेही अर्धवट. प्लेटमध्ये कवच आणि त्याखालच्या प्रावरणाचा वरचा कडक भाग, दोन्ही येतात. जाडी साधारण 100 किलोमीटर. प्लेटच लिहा. आमच्याकडे भूकंपानंतर म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीसुद्धा तोच शब्द बसला.

आणि 'भूकंप प्लेटच्या कडेला होतात' हे वाक्य तसंच छापू नका. 30 सप्टेंबर 1993 चा आमचा किल्लारीचा भूकंप प्लेटच्या पोटात झाला. भारतीय प्लेट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते, हिमालयाशी अडते, आणि तो दाब आतल्या जुन्या कमजोर भेगांवरही येतो. 'बहुतेक भूकंप' लिहा. लातूर-धाराशिवची मुलं ते वाचणार आहेत.

व्युत्पत्तिप्रेमी : पट्ट म्हणजे सपाट फळीसुद्धा. ताम्रपट, पाट, पाटी, सगळे त्याच घरातले. भूपट्ट चूक नाही.

माळरान : चूक नाही, पण पट्टा हा अर्थ आता वरचढ झालाय. कोशापेक्षा कान मोठा.

पाणाडी : बर्फाचं चाललंय तर चालू द्या, पण आपल्याच लाव्ह्याचे शब्द तक्त्यावर येणार का? विहीर खोदताना काळी, मुरूम, मांजऱ्या (भरलेल्या पोकळ्यांचा बेसाल्ट), पाषाण, गेरू हे शब्द रोज लागतात. गेरू म्हणजे लाव्ह्याच्या दोन थरांमधली लाल चिकणी पट्टी. एका थराचा माथा कुजला, त्यावर पुढचा तापलेला लाव्हा आला. ती पाणी खाली जाऊ देत नाही, ओली झाली की फुगते आणि बोअरची भिंत ढासळते. गेरू लागला की तिथवर केसिंग (बोअरच्या आतला आधाराचा पाइप) उतरवावी लागते, नाहीतर मोटर अडकते.

व्युत्पत्तिप्रेमी : मांजऱ्या हा मांजरा नदीवरून आला असावा.

पाणाडी : नदीपासून लांब जालन्याकडेही मांजऱ्याच म्हणतात. पोकळ्यांत भरलेले पांढरे-हिरवट खडे मांजराच्या डोळ्यासारखे दिसतात, त्यावरून असेल.

देगलूरवाट : आमच्याकडे बेसाल्ट संपतो आणि ग्रॅनाइट लागतो. तिथं मांजऱ्याही नाही, गेरूही नाही. तरी विहिरीवर पाषाण म्हणतातच, दगड मात्र गुलाबी. मग पाषाण हे खडकाचं नाव धरायचं की कडकपणाचं?

पाणाडी : कडकपणाचं. सुरुंगाशिवाय फुटत नाही तो पाषाण.

व्युत्पत्तिप्रेमी : मान्य नाही. संस्कृतात पाषाण म्हणजे कोणताही दगड.