सांगलीच्या घराचा रंग काढायचा का? (फॅमिली ग्रुप)

नेहावहिनी: दर्शनी भिंतीचे फोटो टाकलेत, बघा सगळ्यांनी. जोत्यापासून छातीएवढ्या उंचीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटलेत. आज ठेकेदार येऊन गेला. म्हणतो, ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून सगळा रंग उडवू, नाहीतर वरून विटकरी रंग मारून पांढऱ्या रेघा ओढून देतो. रेघांचं काम निम्म्या पैशात होईल.

सुमाआत्या: रेघा?? खऱ्या विटांवर खोट्या विटा काढायच्या? हे घर बांधणारे नाना असते तर त्या माणसाला फाटकाबाहेर काढलं असतं.

अण्णाकाका: रंग मी लावून घेतला, २००६ साली. २००५ च्या पुराने भिंती डागाळल्या होत्या. अर्ध्या गावभागाने तेच केलं. त्यावरून मला कुणी बोलू नये.

शशीदादा: कुणी बोलत नाहीये अण्णाकाका. आता पुढचं बघू.

सुमाआत्या: मला ते लाल घर परत हवंय, बस.

रेवा: वहिनी, ग्राइंडरला आत्ताच नाही म्हणून सांग. भट्टीत वीट भाजते तेव्हा तिची बाहेरची बाजू सगळ्यात कडक होते. आपली वीट कृष्णाकाठच्या मातीची, हातथापी, आतून मऊ. तारेचा ब्रश किंवा सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरात मारा) रंगाबरोबर तो कडक थरही खरवडून नेतं. दोन पावसाळे गेले की विटेचा भुगा पडायला लागतो, आणि गेलेला थर कुणालाही परत देता येत नाही. शिवाय त्या धुळीत सिलिका असते. मजुरांच्या छातीत जाते ती वेगळीच.

नेहावहिनी: ॲसिडने धुऊ असंही म्हणत होता.

रेवा: ते तर मुळीच नको. ॲसिडने हा रंग निघणार नाही, पण नानांनी चुन्यात भरलेल्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, मात्र विरघळतील.

अण्णाकाका: पण रंग सुटतोय का? ब्रँडेड होता. दुकानदाराने सात वर्षं सांगितली होती.

रेवा: काका, २००५ नंतर २०१९ आणि २०२१ ला पुन्हा पाणी आलं. भिंतीने प्यायलेलं पाणी बाहेर पडायला वाट लागते. उघड्या विटेतून आणि चुन्याच्या दरजेतून ते हळूहळू सुकून जातं. वर ॲक्रिलिक रंगाचा थर आला की ते मागे कोंडतं. येताना क्षार घेऊन येतं, रंगामागे त्यांचे खडे बनतात, ते रंगाला ढकलतात आणि जाता जाता विटेचा पापुद्राही उडवतात. तुम्ही म्हणता ना भिंतीला लोणा लागला, तोच हा. त्यामुळे त्यावर नवा रंग मारला तर तोही सुटणार, कुठल्याही कंपनीचा असो.

शशीदादा: इथे बाल्टिमोरमध्ये विटांच्या घरांच्या रांगाच आहेत, त्यातली कितीतरी रंगवलेली. रंग काढायचा असेल तर लोक रंग सोडवणारं रासायनिक जेल वापरतात. जाड लेप द्यायचा, वर प्लास्टिक झाकायचं, रंग फुगला की लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने ओढायचा, मग साध्या नळीने धुवायचं. जेटचा जोर नाही लावायचा. फक्त मिथिलीन क्लोराइडवालं जेल घेऊ नका. त्याच्या वाफेने माणसं मेली आहेत, म्हणून अमेरिकेत २०१९ पासून ते रंग काढण्यासाठी सामान्य ग्राहकाला विकायला बंदी आहे. कॉस्टिक सोडावालं असेल तर नंतर भिंत नीट उदासीन करून, म्हणजे सोड्याचा असर घालवून, घ्यावी लागते, नाहीतर आधीच्या क्षारात आणखी भर.

रेवा: +१. आणि कोरडं घासणं, पॉलिशपेपर वगैरे काही नको. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. २००६ च्या रंगात काय होतं कुणास ठाऊक. चिनू दिवसभर अंगणात असतो. खाली ताडपत्री अंथरा, निघालेला रंग ओला असतानाच पोत्यात भरा, बागेत टाकू नका.

अण्णाकाका: एवढा सोपस्कार चारी भिंतींना? दिवाळं निघेल.

सुमाआत्या: थांबा थांबा. अल्बम काढलाय. हा बघा शशीच्या बाबांच्या मुंजीचा फोटो, १९६१, मागच्या अंगणातला. मागची भिंत पांढरी आहे की!

अण्णाकाका: मग? मागे चुनाच होता. दर दिवाळीला नीळ घालून मारायचो आम्ही. नाना हिशेबी माणूस. निवडक वीट रस्त्याच्या बाजूला लावली, वाकडीतिकडी मागे आणि बोळाच्या बाजूला.

रेवा: काका!! हे आधी का नाही सांगितलं?

अण्णाकाका: विचारलं कुणी?

नेहावहिनी: आत्ताच न्हाणीघरामागे नखाने खरवडून बघितलं. रंगाखाली खरंच पांढरं आहे, थरावर थर.

रेवा: मग सगळा हिशेबच बदलला. घराचं मूळ रूप म्हणजे समोर लाल वीट आणि बाकी तीन बाजूंना चुना. मागची वीट उघडी केली तर ती कधीच नव्हती तशी दिसेल, वर हलकी वीट पावसात उघडी पडेल. प्लास्टिक रंगावर चुना धरत नाही, म्हणून रंग तिथलाही काढावा लागेल, पण तो जुन्या चुन्यावर बसलाय, बराचसा साध्या पट्टीने निघेल. शेवटच्या ठिपक्यामागे लागायचं कारण नाही. जेलचा खर्च फक्त दर्शनी भिंतीला.

शशीदादा: नानांनी पैसे वाचवले पुन्हा.

नेहावहिनी: समोर खाली काही दरजा सिमेंटच्या आहेत.

अण्णाकाका: त्या पुरानंतरच्या.

रेवा: त्या हलक्या हाताने छिन्नीने काढायच्या, मशीन नको. सिमेंट आपल्या विटेपेक्षा कडक, ओल दरजेतून न जाता विटेतून जाते आणि कडा विटेच्या झडतात. पुन्हा भरताना मुरवलेला चुना एक भाग, वाळू तीन भाग, थोडी सुरखी, म्हणजे विटेची पूड. त्यावर काही दिवस ओलं पोतं. चुना भराभर सुकला की तडकतो, म्हणून हे काम मार्चच्या आत. झिजायचीच असेल तर दरज झिजू दे, ती पुन्हा भरता येते.

नेहावहिनी: ठेकेदार शेवटी पारदर्शक सिलिकॉन कोट सुचवतोय, वीट चमकते म्हणे.

रेवा: नको. मग आपण रंग काढला कशाला?

अण्णाकाका: म्हणजे भिंत नवी कोरी दिसणार नाही?

रेवा: नाही काका. भोकाभोकांत रंगाचे ठिपके राहतील, पुराची रेघही फिकट दिसेल. चालेल?

सुमाआत्या: मला चालेल.

अण्णाकाका: तू पुण्यात राहतेस, तुला चालेलच. बरं, आधी पायरीच्या डाव्या अंगाला हातभर करून दाखवा. पटलं तर पुढे.

रेवा: मीही तेच म्हणणार होते. दोन वेगळी जेल आणते, शेजारी शेजारी लावू, पंधरा दिवस भिंत कशी सुकते बघू, मग बाकीचं.

शशीदादा: वर्गणी किती काढायची ते सांगा.

अण्णाकाका: हातभर झाल्यावर. आणि मागच्या चुन्यात नीळ किती घालायची ते मी ठरवणार.

नेहावहिनी: रेवा, शनिवारी ये. तोवर ठेकेदाराला थांबवते. मुक्कामाचं बघून ये, पाव्हण्यासारखी संध्याकाळच्या गाडीने पळू नकोस.