बोटं कुठली ते आधी सांगा

ए-१०२ वहिनी: कुणाला हात बधीर होण्याचा त्रास आहे का? पहाटे मुंग्या येऊन जाग येते, झटकला की बरं वाटतं. बीपी, ईसीजी नॉर्मल.

सी-३०१ काका: वात. तेल कोमट करून चोळा.

बी-२०३: बी-ट्वेल्व्ह कमी असणार. इंजेक्शनं घेऊन टाका.

बी-१०४ सिस्टर: तेल चोळा खुशाल, पण इंजेक्शन तपासणीआधी नको. नंतर रिपोर्टात आकडा चांगला येतो, मुळात कमी होतं का ते कळत नाही. वहिनी, बोटं कुठली?

ए-१०२ वहिनी: थांबा हं... अंगठा आणि शेजारची दोन. करंगळीला काही नाही.

सिस्टर: मग बहुतेक मनगटात नस दबतेय, कार्पल टनेल. करंगळी बधीर असती तर कोपर तपासायला सांगितलं असतं. रातांबे फोडताय ना?

ए-१०२ वहिनी: हो ना, आमसुलांची ऑर्डर आहे. दिवसभर मनगट वाकडंच.

सिस्टर: झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधा. शुगर, थायरॉईड बघून घ्या, त्यांनीही होतं. नाहीच थांबलं किंवा पकड सैल झाली तर नसांची टेस्ट, एनसीव्ही.

सी-३०१ काका: आमचे दोन्ही तळपाय हल्ली कापसावर ठेवल्यासारखे. शुगर आहेच म्हणा.

सिस्टर: आणि हे आज सांगताय! मेटफॉर्मिन घेता ना? वर्षानुवर्षं घेतली की बी-ट्वेल्व्ह उतरू शकतं, रोज मासे खाल्ले तरी. डॉक्टरांना विचारून तपासा, गोळी मनाने बंद करू नका. रात्री तळवे आरशात बघायचे. आणि दुपारचं सड्यावर अनवाणी फिरणं बंद, कातळाने भाजलेलं कळणार नाही.

बी-२०३: अचानक झालं तर?

सिस्टर: एका बाजूचा हात-पाय किंवा चेहरा एकदम बधीर, तोंड वाकडं, बोबडं बोलणं, असं काही दिसलं तर ग्रुपवर विचारत बसू नका. १०८ लावा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आतच देतात, म्हणून सुरू कधी झालं ती वेळ लक्षात ठेवायची.

बी-२०३: आमच्या बागेतल्या गड्याच्या दंडावर फिकट चट्टा आहे. टोचलं तरी कळत नाही म्हणतो.

सिस्टर: सरकारी दवाखान्यात दाखवा, उशीर नको. कुष्ठरोग असू शकतो. गोळ्या फुकट मिळतात, ६ किंवा १२ महिन्यांचा कोर्स, पूर्ण बरा होतो. घरच्यांनाही तपासून घ्यायला सांगा. फक्त त्याला कामावरून काढू नका.

बी-२०३: काढतोय कशाला. उद्या मीच नेतो त्याला.