ओगर म्हणजे नुसतं एचपीचं (जीवाच्या पॉइंटांचं) पोतं होऊन बसलाय, काय करू?

दांडियाबाजार_डीएम
आम्ही पाच जण दर रविवारी माझ्या घरी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, डाय टाकून गोष्ट खेळायचा खेळ) खेळतो, फिफ्थ एडिशन, २०१४ वालं. चार प्लेयर, सगळे लेव्हल ३, डीएम मी, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि राक्षसांच्या बाजूने खेळणारा. परवा ओगर नावाचा राक्षस आणला. मोकळा रस्ता, समोर ओगर, टाका इनिशिएटिव्ह (आधी कोणाची पाळी ते ठरवायचा डाय). त्याचा एसी (फटका लागायला गाठायचा आकडा) ११, आमच्या लोकांचं डायमध्ये प्लस ५ म्हणजे डायवर सहा आला तरी लागतंच, ५९ एचपी दोन राउंडमध्ये संपले. आणि त्याने जो एक सोटा हाणला तो विझार्डला, १३ डॅमेज, तिचे आधीच्या फाइटनंतर ९ एचपी उरलेले, ती आडवी. बाकीच्यांना मजा नाही आली आणि ती पण नाराज.
मला हा दांडगा, अडाणी राक्षस मनापासून आवडतो, त्याला जादूबिदू द्यायची नाहीये. तो साधाच राहून फाइट रंगेल असं काही करता येतं का?

पाणीगेटचा_पेशवा
दादा तू बडोद्यात राहतोस आणि हे विचारतोस? पाणीगेटजवळ आपलं अगड आहे ना, हत्तींच्या खेळाचं बंदिस्त मैदान, तिथे साठमारी व्हायची. खंडेराव महाराजांच्या काळात, म्हणजे १८५६ ते १८७० मधे, तर तिचं मोठंच वेड होतं. मस्तीतला हत्ती आत सोडायचे आणि माणसं पायी उतरून त्याला डिवचायची, आणि भिंतीत अशी छोटी दारं ठेवलेली की माणूस सटकन निघून जाईल पण हत्ती अडेल. हत्तीला कुठली युक्ती येत होती? फक्त ताकद. सगळा खेळ त्या दारांमुळे, दार किती लांब आहे आणि आपण पोचतो का ह्यात.
तुझा ओगर मोकळ्या रस्त्यात होता म्हणून फसला. त्याला जुन्या वाड्यात टाक जिथे दारं पाच फुटांची आहेत. ओगर लार्ज (मोठ्या आकाराचा) आहे, त्याला त्यातून अंग चोरून यावं लागतं, स्क्वीझिंगचा रूल बघ, तसा अडकलेला असताना त्याचे अटॅक डिसॲडव्हान्टेजने (दोन डाय टाकून कमीचा धरायचा) आणि त्याच्यावरचे ॲडव्हान्टेजने (जास्तीचा धरायचा). पण त्याचा स्पीड एका टर्नला ४० फूट आहे आणि माणसाचा ३०, म्हणजे चौकात सापडलात तर तो गाठणारच. मग प्लेयर आपोआप नकाशा बघायला लागतात, कोण आमिष होणार, कोण दारात थांबणार. ओगरचा स्टॅट ब्लॉक (त्याच्या आकड्यांचा तक्ता) एका आकड्याने पण बदलायचा नाही.

रावपुऱ्याची_रेंजर
दारांचं पटलं, पण विझार्ड पहिल्याच फटक्यात पडली ते त्याने सुटत नाही. क्रिट (डायवर वीस आला की डॅमेजचे डाय डबल) लागला असता तर ४डी८+४, म्हणजे आठ बाजूंचे चार डाय अधिक ४, सरासरी २२, एवढे एचपी लेव्हल ३ च्या विझार्डचे बहुतेक वेळा नसतातच. माझ्या टेबलवर मी ओगरची ताकद आधी दाखवते. पार्टी (प्लेयरांची टोळी) येते तेव्हा रस्त्यात बैलगाडी उलटी पडलेली, चाक झाडावर, बैल कुठेच नाही. आणि माझा एक घरचा रूल आहे की ओगर कधीकधी सोटा डोक्यावर नेऊन थांबतो, मी तसं मोठ्याने सांगते, आणि तो त्याच्या पुढच्या टर्नला खाली येतो, डबल डॅमेज, पण त्याच जागेवर. मधल्या वेळात ज्याला सरकायचं तो सरकतो. तरी कोणी तिथेच उभा राहिला तर तो त्याने स्वतः घेतलेला निर्णय असतो, आणि त्यानंतर पडला तर कोणी नाराज होत नाही.
आणि चाराला एक ठेवू नकोस, चौघांच्या चार टर्न आणि त्याची एक, तो टिकणार कसा? दोन तीन गॉब्लिन (छोटे राक्षस) दे सोबत.

भाखरवडी_बार्बेरियन
मी गॉब्लिन नाही देणार, एकटा दांडगाच भारी वाटतो. त्यापेक्षा त्याला काहीतरी हवं असू दे. इंटेलिजन्स ५ आहे पण कॉमन (सगळ्यांना येणारी भाषा) बोलतो तो! भूक लागलीये, बैल पाहिजे. पार्टीने बैल दिला तर लढाईच नाही, नाही दिला तर तो बैलामागे धावतो, माणसांमागे नाही. आणि एक सांगतो, मी बार्बेरियन खेळतो, कधीतरी समोरासमोर उभं राहून हाणामारी करायची असते, प्रत्येक वेळी कोडं नको.

दांडियाबाजार_डीएम
केलं काल! वाडा, चौक, पाच फुटी दारं, आणि बैल पण ठेवला. विझार्डने स्वतःहून सांगितलं मी आमिष होते, चौकातून धावली, ओगर मागे, ती दारातून आत आणि तो दारात अर्धा अडकलेला, मग रोग (चोर-कॅरेक्टर) आणि फायटर दोन्ही बाजूंनी तुटून पडले. सहा राउंड चालली फाइट, आमच्या बार्बेरियनवाल्याला पण शेवटी समोरासमोर दोन राउंड मिळाले. आई आतून बघायला आली एवढा आरडाओरडा.
एक अडलं, दारात अडकलेला असताना तो भाला फेकू शकतो का? मी नाही म्हटलं.

पाणीगेटचा_पेशवा
फेकू शकतो, डिसॲडव्हान्टेजने. पुढच्या वेळी फेक.