पातालपानीचे पाणी पांढरेफटक, जानापावचे धुके मळकट: चूक नेमकी कुठे होते?

छावणीकर:
गेल्या दोन रविवारी इंदूरजवळच्या महूच्या बाजूला भटकंती झाली आणि दोन्ही ठिकाणची छायाचित्रे अगदी उलट रीतीने बिघडली. पातालपानीचा धबधबा समोरच्या कड्यावरून टिपला, तर काळाकभिन्न खडक राखाडी दिसतो आणि पाण्याच्या जागी चुना ओतल्यासारखा सपाट पट्टा उमटला आहे. जानापाव डोंगराच्या माथ्यावर गच्च धुके होते. डोळ्यांना ते पिंजलेल्या कापसासारखे उजळ दिसत होते, छायाचित्रात मात्र चुलीच्या धुरासारखे आले. कॅमेरा मिररलेस, सोबत मिळालेली १८-५५ लेन्स, अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोड (लेन्सचे छिद्र आपण ठरवायचे, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो), एफ/८, आयएसओ २००. दोन्ही दिवशी यांत काहीही बदलले नव्हते. नवी लेन्स घ्यावी की फिल्टर, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

रामबागेतून:
काहीही विकत घेऊ नका. आपल्या दोन चुका वाटतात त्या मुळात एकच आहेत. कॅमेऱ्याचा मीटर, म्हणजे प्रकाश मोजणारा भाग, समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो. पातालपानीला चौकटीचा बराचसा भाग ओल्या बेसाल्टने भरलेला असतो, त्यामुळे दृश्य फार काळोखे आहे असे समजून मीटर प्रकाश वाढवतो. खडक करडा होतो आणि मुळातच पांढऱ्या असलेल्या पाण्यातला तपशील जळून जातो. धुक्यात याच्या नेमके उलट घडते. म्हणून खडकापुढे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करण्याचे उणे-अधिकचे बटण) उणे एकच्या आसपास ठेवावे आणि धुक्यात अधिक एक, प्रसंगी त्याहून थोडे जास्त. कॅमेऱ्यात अतिप्रकाशित भाग लुकलुकून दाखवण्याची सोय असेल तर ती सुरू ठेवावी, आणि पाणी लुकलुकेनासे होईपर्यंत प्रकाश कमी करत जावा.

पटत नसेल तर घरीच पाहा. पोळ्यांचा काळा तवा खिडकीशी ठेवून त्यावर चिमूटभर पांढरी रांगोळी टाका आणि तव्याने चौकट भरून छायाचित्र घ्या. पातालपानी स्वयंपाकघरात दिसेल.

पायी माळवा:
वरील उत्तराशी सहमत आहे, तरी फिल्टर अगदीच निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही. ओल्या खडकावर आणि पानांवर आकाशाची जी पांढुरकी चकाकी येते, ती पोलरायझर (चकाकी अडवणारा फिल्टर) बऱ्याच अंशी काढतो आणि खडकाचा खरा काळेपणा परत मिळतो. नंतर संगणकावर हे काम तितके नीट होत नाही. त्याच्या बदल्यात एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश कमी होतो, त्यामुळे ट्रायपॉड जवळ असावा. पाणी रेशमी दिसावे म्हणून सहा स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश अडवणारी गडद काच) लावला, तर १/३० सेकंदाचे शटर दोन सेकंदांवर जाते. माझ्या मते एवढ्या वेळात धबधब्याची दुधाची धार होते आणि त्याचा जोरच हरवतो. पाव ते अर्धा सेकंद मला पुरेसा वाटतो.

वेळेचेही पाहावे. दुपारी ऊन पडले की खडक आणि पाणी यांतला फरक कोणत्याही सेटिंगने आवरत नाही. ढगाळ दिवस किंवा सूर्योदयाच्या आगेमागेचा तास उत्तम. जुलैच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सहाच्या थोडा आधी उगवतो, म्हणजे इंदूरहून पाचच्या आत निघायला हवे, पोहे परतीच्या वाटेवर. मुसळधार पावसानंतर लगेच गेलात तर काळ्या मातीने पाणी चहासारखे झालेले असते, त्याला पांढरे करण्याचा आग्रह धरू नये.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: कोन मिळावा म्हणून प्रवाहात किंवा कुंडाच्या वरच्या खडकांवर उतरू नका. २०११ च्या जुलैमध्ये याच ठिकाणी अचानक आलेल्या लोंढ्यात माणसे वाहून गेली आणि जीवही गेले. वरच्या बाजूला पाऊस झाला की इथे कोरडे असतानाही पाणी चढते. झूम आहे, कड्यावरच थांबा.

खिडकीशेजारी:
रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) टिपत असाल तर धुक्याचा करडेपणा बराच सावरता येतो, पण जळालेले पाणी परत येत नाही. म्हणून संशय असेल तेव्हा काळोखाच्या बाजूला चुकावे. आपल्याच इंदूरमध्ये १८७४ मध्ये कॅमेरा हाती घेतलेल्या लाला दीनदयाळ यांच्या काळातील काचपट्ट्या प्रामुख्याने निळ्या प्रकाशाला संवेदनशील असत, त्यामुळे त्या काळच्या छायाचित्रांत आकाश पुष्कळदा कोरे पांढरे दिसते. आपल्याला निदान उणे-अधिकचे बटण मिळाले आहे.

आणखी एक: धुक्यातून गाडीच्या एसीत शिरताना कॅमेरा बंद पिशवीत असू द्यावा आणि परत दमट हवेत आल्यावर तो थोडा निवळेपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर लेन्सवर बाष्प धरते.

छावणीकर:
सर्वांचे मनापासून आभार. तव्याचा प्रयोग केला. काहीही न बदलता घेतलेल्या छायाचित्रात तवा अॅल्युमिनियमचा वाटतो आणि रांगोळीचा नुसता डाग दिसतो. उणे एकवर तव्यावरचे ओरखडे दिसू लागले आणि उणे एक पूर्णांक दोन तृतीयांशवर रांगोळीचा कण अन् कण वेगळा झाला. पांढऱ्या चादरीवर उलट दिशेनेही करून पाहिले, तेही जुळले. तवा घासून परत ठेवण्याआधी आई उठली, त्यामुळे पुढचा प्रयोग येत्या रविवारी थेट पातालपानीलाच.