मदत हवी आहे : दिवसा वारा समुद्राकडून यायला हवा ना? मग मार्चमधली ही झळ पूर्वेकडून का?

मीठभाकर
नमस्कार मंडळी. लेक सातवीत आहे, परीक्षा तोंडावर आलीय आणि भूगोलातल्या वाऱ्यांवर आमच्या घरात गाडी अडून बसलीय.

पुस्तकातलं तिला पाठ आहे. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे हवा वाहते, तो वारा. दिवसा जमीन लवकर तापते, पाणी सावकाश, म्हणून दिवसा समुद्राकडून खारे वारे आणि रात्री उलटे, मतलई वारे. इथपर्यंत ठीक.

आम्ही बोरिवलीत राहतो. बाल्कनी पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला. मागच्या आठवड्यात सकाळी दहा वाजता त्या बाल्कनीतून अशी झळ येत होती की वाळत घातलेले टॉवेल पापडासारखे कडक. लेक म्हणाली, "आई, जमीन तर तापलीय. मग वारा जमिनीकडूनच कसा येतोय?" दुपारी दीड-दोनच्या सुमारास वारा एकदम फिरला. झळ गेली, चिकचिक सुरू झाली.

हा सकाळचा वारा नक्की कोणता? मतलई म्हणावा तर तो रात्रीचा, आणि गार असायला हवा. दुसरं म्हणजे ग्रहीय, मोसमी, स्थानिक हे प्रकार ती घोकते, पण हे सगळे एकाच ठिकाणी एकाच वेळी असू शकतात का? नेटवर जे सापडलं ती सगळी धड्याचीच नक्कल. सूत्रं नकोत, बाकी कितीही सविस्तर चालेल.

खडूफळा
परीक्षेत हे लिहायला सांगू नका बरं. उत्तरपत्रिकेत "दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे" आणि बाण काढलेली आकृती, एवढ्यावर पूर्ण गुण मिळतात. बाकी चर्चा वाचायला मीही बसलोय.

वातकुक्कुट
मीठभाकर ताई, लेकीला माझ्याकडून शाबासकी. धड्यातली आकृती चूक नाही, पण तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : त्या दिवशी दुसरा कुठलाच वारा वाहत नाहीये. खऱ्या जगात असं क्वचितच असतं.

आधी खारा वारा किती लहान असतो ते बघू. जमिनीचा वरचा पातळ थर उन्हाने तापतो. समुद्रात ऊन खोलवर झिरपतं, लाटा पाणी ढवळतात, शिवाय पाण्याला तापायला उष्णताही जास्त लागते. मार्चमध्ये मुंबईसमोरचं पाणी २६-२७ अंशांच्या आसपास असतं आणि दिवसभर जवळपास तिथेच राहतं. जमिनीवरची हवा तापून फुगते, वर चढते, वरच्या थरातून समुद्राकडे सांडते. त्यामुळे खाली जमिनीवर दाब किंचित घटतो आणि समुद्रावरची हवा आत शिरते. हा दाबातला फरक फार थोडा असतो, एखाद-दुसरा मिलिबार. हवेचा एकूण दाब हजाराच्या घरात असतो हे लक्षात घेतलं की कळतं, काय नाजूक प्रकरण आहे ते. खाऱ्या वाऱ्याची जाडीही काही शे मीटर, फार तर किलोमीटरभर.

आता दुसरा गडी. हिवाळा सरताना मध्य आणि वायव्य भारतावर बऱ्याचदा जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडून असतं. त्याला प्रत्यावर्त म्हणतात. उत्तर गोलार्धात प्रत्यावर्ताभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. म्हणजे त्याच्या दक्षिणेला जो प्रदेश येतो तिथे वारा पूर्वेकडून पश्चिमेला जातो. महाराष्ट्र नेमका तिथे सापडतो. हे क्षेत्र शेकडो किलोमीटर पसरलेलं, त्याच्यापुढे सकाळी दहाचा कोवळा खारा वारा टिकत नाही. जमीन आणखी तापेपर्यंत त्याला वाट बघावी लागते. एरवी मुंबईत तो अकरा-बाराला सुटतो, अशा दिवशी दीड-दोन वाजतात. तुमच्याकडे वारा "एकदम फिरला" तो हाच क्षण. हवामान खातं उन्हाच्या बातमीत "समुद्री वारे उशिरा सुटले" असं सांगतं ते याचसाठी.

म्हणजे दोन वारे एकाच वेळी होते. फक्त एक दुसऱ्याला दाबून होता.

घाटमाथा
वातकुक्कुट, दिशा कळली. पण झळ का? पूर्वेकडे आम्ही आहोत, आणि आमच्याकडे तेव्हा ३४-३५ होतं. आमच्याकडून गेलेला वारा मुंबईत ३९ कसा होतो? रस्त्यात कुणी तापवला?

वातकुक्कुट
कुणी नाही, उतारावरच तापतो! पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, नाशिकही तेवढंच, थोडं वरच. तुमची हवा घाट उतरून कोकणात येते तेव्हा तिच्यावरचा दाब वाढतो, ती दाबली जाते आणि दाबली गेलेली हवा तापते. कोरडी हवा दर १०० मीटर उतरताना जवळपास १ अंशाने तापते. तुमच्या ३४ मध्ये पाच-सहा मिळवा. झाले ना ३९-४०?

तापताना हवेतली वाफ तेवढीच राहते, पण सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवा जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ तिच्यात आहे ते प्रमाण, कोसळते. मुंबईसारख्या शहरात ती कधी वीस टक्क्यांपर्यंत उतरते. टॉवेल कडक झाले ते म्हणून.

सांताक्रूझला आजवरचं सर्वाधिक तापमान ४२.२ अंश, १४ एप्रिल १९५२ चं. मार्चमधलं ४१.७, २८ मार्च १९५६ चं. गंमत बघा, मेमध्ये सूर्य डोक्यावर असतो, तरी मुंबईचे विक्रम मार्च-एप्रिलचे. मेपर्यंत पश्चिमेचा वारा चांगला बसलेला असतो, पूर्वेच्या वाऱ्याला दार उघडं मिळत नाही. कुलाब्याला तर तिन्ही बाजूंनी पाणी, त्यामुळे तिथलं तापमान अशा दिवशी सांताक्रूझपेक्षा बरंच कमी दिसतं. बातम्यांत "मुंबईचं तापमान" वाचताना कुठल्या केंद्राचं ते बघायची सवय लेकीला लावा.

शून्याखाली
कॅलगरीहून हजेरी! हे तर आमच्या चिनूकचं भावंड झालं. रॉकी पर्वत ओलांडून वारा पूर्वेला उतरतो आणि भर जानेवारीत बर्फ वितळून अंगणात चिखल होतो. पश्चिमेला आकाशात ढगाची कमान दिसली की इथले लोक ओळखतात. अमेरिकेत दक्षिण डकोटामधल्या स्पियरफिश गावात २२ जानेवारी १९४३ ला तापमान उणे २० वरून दोन मिनिटांत अधिक ७ वर गेलं होतं. आल्प्समध्ये याच जातीच्या वाऱ्याला फॉन म्हणतात. लेकीच्या पुस्तकात स्थानिक वाऱ्यांच्या तक्त्यात दोन्ही असतील.

वातकुक्कुट
भावंड खरं, पण सख्खं नव्हे. चिनूक किंवा फॉनमध्ये बऱ्याचदा हवा पर्वताच्या अलीकडे पाऊस किंवा बर्फ टाकून येते. वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे चढताना हवा सावकाश गार होते, दर किलोमीटरला पाच-सहा अंश. पलीकडे कोरडी होऊन उतरताना मात्र दहाच्या हिशोबाने तापते. असा नफा कमावून ती खाली येते. आपल्या मार्चच्या वाऱ्यात हा चढाचा भाग नाही. तो पठारावर तापलेलाच असतो, नुसता उतरतो.

फॉनशी जास्त जुळणारं उदाहरण पावसाळ्यात आपल्याच घाटात, उलट्या दिशेने मिळतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि घाट उतरून वाईला आलात की त्याचा जेमतेम सातवा-आठवा हिस्सा.

दांडीवरचा
मालवणहून. शिडाची होडी होती तेव्हा आमचे आजोबा पहाटेच्या आधी मतलईवर बाहेर पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी येत. आता इंजिन आलं, वाऱ्याची गरज उरली नाही. तरी जुनी माणसं अजून वारा बघूनच जाळ्याचं ठरवतात.

एक सांगतो, पुस्तकात नसेल. खारा वारा दिवसभर एकाच दिशेने येत नाही. सुरुवातीला सरळ पश्चिमेकडून, मग उन्हं कलतील तसा वायव्येकडे सरकतो. संध्याकाळी किनाऱ्यावर उभं राहिलं की उजव्या गालावर जास्त लागतो. का ते मला माहीत नाही, पण बघा.

वातकुक्कुट
दांडीवरचा, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर, आणि त्याचं कारण पृथ्वीचं फिरणं. वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे सरळ निघतो, पण उत्तर गोलार्धात तो आपल्या उजवीकडे वळत जातो. खाऱ्या वाऱ्याला तासन्‌तास वाहायला मिळालं की हे वळण दिसू लागतं. पश्चिमेकडून येणारा वारा उजवीकडे वळला म्हणजे तो वायव्येकडून येतोय असं वाटणार. हाच फेरेलचा नियम मुलं पाठ करतात, तो गालावर अनुभवता येतो हे त्यांना कुणी सांगत नाही.

ताई, हेच वळण पृथ्वीभर ताणलं की ग्रहीय वारे. विषुववृत्ताकडे वाहणारे वारे वळून पूर्वीय होतात, मध्य अक्षांशांत ध्रुवाकडे जाणारे वळून पश्चिमी होतात. नाव नेहमी वारा जिथून येतो त्या दिशेचं, हे लेकीला दहा वेळा सांगा. मुलं बाण उलटे काढतात ते इथेच.

घाटमाथा
आणि मोसमी वारे म्हणजे महिनोन्‌महिने चालणारा मोठा खारा वारा. हॅलीने (हो, धूमकेतूवालाच) १६८६ मध्ये असंच काहीसं मांडलं होतं.

वातकुक्कुट
शाळेपुरतं चालेल. पण नुसतं तेवढंच असतं तर मान्सून मेमध्ये सर्वांत जोरात असायला हवा, कारण आपली जमीन सर्वाधिक तापते ती मेमध्ये. तो जोरात असतो जुलैत, जमीन भिजून गार झाल्यावर! म्हणून आजचे अभ्यासक विषुववृत्ताजवळचा कमी दाबाचा पट्टा सूर्यामागोमाग उत्तरेला सरकतो, यावर जास्त भर देतात. दक्षिण गोलार्धातले आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन आपल्याकडे येतात. जमीन-समुद्राचा फरक त्यात आहेच, पण तो एकटा पुरत नाही. एक प्रकार दुसऱ्यातून कसा घडतो ते इथे दिसतं. तक्त्यात मात्र त्यांच्यामध्ये रेघ मारलेली असते.

घाटमाथा
मान्य. बदल्यात आमच्या पुण्याचं एक घ्या. एप्रिल-मेमध्ये दिवसभर भाजल्यावर संध्याकाळी पश्चिमेकडून गार वारा सुटतो. तो तुमचा खाराच, घाट चढून येतो. हवामानशास्त्रज्ञ के. आर. रामनाथन यांनी १९३१ मध्ये पुण्याच्या या खाऱ्या वाऱ्यावर निबंध लिहिला होता. तेव्हा हवामान खात्याचं मुख्यालय पुण्यातच होतं, १९२८ मध्ये सिमल्याहून आलेलं. शिमला ऑफिस चौकातून रोज जाणाऱ्या पुणेकरांना निदान नावाचं कारण तरी कळेल.

मीठभाकर
मंडळी, काय बोलू! काल जेवताना हा सगळा धागा मोठ्याने वाचला. चौतीसमध्ये पाच-सहा मिळवायचा हिशोब तिला इतका आवडला की भिंतीवरच्या नकाशावर घाटांच्या उंच्या लिहून बसलीय. खडूफळा सर, काळजी नसावी, आकृतीही काढून ठेवली आहे, बाण सरळ.

तिचा एक शेवटचा प्रश्न : पावसाळ्यात खारे-मतलई वारे कुठे जातात?

दांडीवरचा
कुठे जातात कोण जाणे, आमच्या होड्या मात्र तेव्हा वाळूवर ओढलेल्या असतात.

वातकुक्कुट
जुलैत ढगांमुळे जमीन तापत नाही आणि रात्री फारशी गारही होत नाही. समुद्र आणि जमीन जवळपास सारख्याच तापमानाला, मग दाबात फरक पडणार कसा? शिवाय मोसमी वारा दिवसरात्र पश्चिम-नैर्ऋत्येकडून वाहत असतो, त्याच्यापुढे उरलासुरला मतलई दिसतही नाही. ऑक्टोबरमध्ये आकाश निवळलं की दोघे परत येतात. तेव्हा बाल्कनीत एक सुताचा धागा बांधून ठेवायला सांगा. सकाळी सात आणि दुपारी तीनला दिशा लिहायची. दिवाळीच्या सुट्टीला पुरेल एवढा उद्योग आहे.